उपसा जनुक आणि बारा ग्रॅम चिंच

उल्हास चौगुले यांनी बत्तीस वर्षं वैधमापन निरीक्षक म्हणून नोकरी केली आणि त्या बत्तीस वर्षांत एकाही यंत्रावर पहिल्या भेटीत विश्वास ठेवला नाही. तराजू, दुधाची मापं, पेट्रोलचे पंप, रिक्षाचे मीटर, सगळ्यांकडे ते सारख्याच संशयानं बघत आणि बहुतेक वेळा संशय खरा निघे. सन दोन हजार एकोणचाळीसला ते निवृत्त झाले. मग तपासायला घरातलं भिंतीवरचं घड्याळ, गॅसची टाकी आणि पद्मजाबाई एवढंच उरलं. त्यातल्या पद्मजाबाईंमध्ये दोन वर्षांनी गाठ निघाली.

"लिंबाएवढी आहे," मिरजेच्या दवाखान्यात डॉ. नाझनीन बेपारी म्हणाल्या.

"कुठलं लिंबू?" उल्हासरावांनी विचारलं. "कागदी की इडलिंबू? लिंबू हे काही प्रमाणित माप नाही."

"अहो," पद्मजाबाई म्हणाल्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि चौतीस वर्षांच्या संसारात उल्हासरावांना थांबवू शकणारा हा एकच शब्द होता आणि तोही दर तीन वेळांमागे एकदाच चालायचा.

केमोथेरपीच्या सहा फेऱ्या ठरल्या. पहिल्या दोन फेऱ्यांनी पद्मजाबाईंचे केस नेले, जिभेची चव नेली, नखं काळी केली. लिंबाला ओरखडासुद्धा आला नाही.

उल्हासरावांनी मात्र कामात कसूर ठेवली नव्हती. पहाटे पाचला उठून पाणी उकळायचं, मोजून थंड करायचं, गोळ्यांसाठी सतरा गजर लावायचे, ताप बघायचा, तो खरा वाटला नाही तर दुसऱ्या थर्मामीटरनं बघायचा. "कसं वाटतंय?" हा प्रश्न ते दिवसातून पंचवीस-तीस वेळा विचारत. पद्मजाबाई दर वेळी "बरं वाटतंय" म्हणत. तेही उल्हासरावांना खरं वाटत नसे, पण त्यासाठी दुसरा थर्मामीटर नव्हता.

मग एके दिवशी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"काका, तुमच्या गावाकडच्या रानाला उपसा योजनेचं पाणी आहे ना?"

"आहे. मीटर चुकीचा आहे त्याचा."

"असू दे. तर तसेच पंप पेशीच्या भिंतीत असतात. नको ती वस्तू आत आली की बाहेर उपसून टाकतात. सोय चांगली आहे. माणूस आयुष्यभर काय काय गिळतो, त्यातून तीच वाचवते. पण कॅन्सरच्या पेशीकडेही तेच पंप असतात. आपण औषध आत सोडायचं, तिनं बाहेर उपसायचं. हे पंप बनवायचा हुकूम देणारं एक जनुक असतं. आम्ही इथं त्याला उपसा जनुक म्हणतो. ते सगळ्यांकडे आहे, तुमच्याकडे, माझ्याकडे. त्यामुळे ते आहे की नाही हा प्रश्नच नाही, ते किती जोरात चालतंय हा प्रश्न आहे. जनुक गप्प असेल तर पेशी औषधाला हळवी होते आणि मरते. जोरात असेल तर तेच औषध, तेवढंच औषध, आणि पेशी ढेकर देऊन मोकळी."

"मग बंद करा ते जनुक," उल्हासराव म्हणाले.

"करून बघितलंय लोकांनी. मेंदूतले, मूत्रपिंडातले, सगळीकडचेच पंप बंद पडतात. मग माणूस बंद पडतो. म्हणून आता आम्ही बंद करत नाही, लोडशेडिंगची वाट बघतो. काकूंच्या गाठीतले पंप तकलादू आहेत, तासाभरात मोडतात आणि पुन्हा बनवावे लागतात. जनुक जरा वेळ गप्प बसलं की पंप संपले. तेवढ्यात औषध सोडायचं."

जनुक गप्प बसलंय हे कळणार कसं, तर त्यासाठी एक पट्टी निघाली होती. गाठीतल्या पेशी रक्तात बारीक बारीक बुडबुडे सोडतात आणि त्या बुडबुड्यांत जनुकाच्या हुकमांच्या प्रती असतात. दंडावरची पट्टी त्या प्रती दर चार मिनिटांनी मोजते आणि पलंगाशेजारच्या पडद्यावर शून्य ते शंभर असा आकडा टाकते. तीसच्या खाली आकडा आला की सलाइनला औषध जोडायचं. औषध एकदा कालवलं की सहा तास टिकतं. नंतर फेकून द्यायचं.

"आणि या पंपाला वीज कुठून येते?" पद्मजाबाईंनी विचारलं. हा प्रश्न खरं तर त्यांच्या यजमानांनी विचारायला हवा होता, पण ते पट्टीवर सरकारी मुद्रा शोधत होते.

"बऱ्याच ठिकाणांहून," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या बाबतीत मुख्य म्हणजे ताणाचं संप्रेरक. जीव घाबरा झाला की ते रक्तात वाढतं आणि जनुकाला जाऊन सांगतं, चालू हो."

तिसऱ्या फेरीच्या दिवशी आकडा सकाळी अठ्ठ्याहत्तर होता. दुपारी अठ्ठ्याहत्तर होता. संध्याकाळी औषध फेकून दिलं तेव्हाही अठ्ठ्याहत्तरच होता.

"यंत्र अडकलंय," उल्हासरावांनी निकाल दिला.

"काका, हे वैद्यकीय उपकरण आहे."

"थर्मामीटरही वैद्यकीयच असतो. मी चाळीस जप्त केलेत."

दुसऱ्या दिवशी ते रीतसर पडताळणीला आले. डॉक्टरांनी त्यांना अडवलं नाही. एक तर त्या दोन रात्री झोपल्या नव्हत्या, आणि दुसरं म्हणजे त्यांच्याकडेही दुसरा काही उपाय नव्हता.

आधी शून्य तपासायचं. उल्हासरावांनी पट्टी स्वतःच्या दंडाला लावली. शून्य. एका सिस्टरच्या दंडाला लावली. शून्य. सलाइनच्या स्टँडला लावली, तर पडद्यावर "कृपया हात सैल सोडा" अशी सूचना आली. "शून्य बरोबर आहे," ते जरा नाराजीनंच म्हणाले.

मग पट्टी पुन्हा पद्मजाबाईंच्या दंडावर. आता खोलीतली एकेक गोष्ट बाहेर काढून फरक बघायचा. पंखा बंद केला. अठ्ठ्याहत्तर. भिंतीवरची मालिका बंद केली. एकोणऐंशी. डबा बाहेर ठेवला, कॅलेंडर उतरवलं, खिडकीचा पडदा काढला. अठ्ठ्याहत्तर. दोन तासांत खोलीत पलंग, पद्मजाबाई आणि उल्हासराव एवढंच राहिलं. उल्हासरावांचा घसा कोरडा पडला, म्हणून ते खाली चहा प्यायला गेले.

परत आले तेव्हा डॉक्टर पडद्यासमोर उभ्या होत्या.

"काका, जरा पुन्हा चहा पिऊन येता?"

"आत्ताच प्यालो."

"तरी. मला काहीतरी बघायचंय."

ते पाच वेळा चहा पिऊन आले. पाचव्या कपात त्यांना कळलं. एकच माप पुन्हा पुन्हा घेऊन बघायचं, ही चाचणी त्यांनी स्वतः शेकडो दुकानदारांना समजावून सांगितली होती. ते बाहेर, चोपन्न. ते आत, अठ्ठ्याहत्तर. पाचही वेळा. इतकी काटेकोर पुनरावृत्ती त्यांनी सरकारी काट्यातही पाहिली नव्हती.

"यंत्र बरोबर आहे," ते म्हणाले. हे वाक्य इतक्या हळू त्यांनी आजवर कधी उच्चारलं नव्हतं.

"अहो, तसं काही नाही हो," पद्मजाबाई घाईनं म्हणाल्या. पडद्यावरचा आकडा त्र्याऐंशी झाला.

उल्हासरावांची रवानगी जिन्याखालच्या बाकावर झाली. पण चोपन्ननं भागणार नव्हतं, तीसच्या खाली जायला हवं होतं. एकटं असलं की पद्मजाबाईंना वाटे, हे बाहेर बसून काय करत असतील. पाणी प्यायले असतील का. त्या विचारानंही जनुकाला थोडी थोडी वीज मिळत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाकावर उल्हासरावांचा फोन वाजला.

"काका, खोलीत कोण आलंय?" डॉक्टरांचा आवाज चढला होता. "आकडा चोवीस दाखवतोय! मी औषध जोडायला सांगितलंय. कोण आहे ते?"

उल्हासरावांनी वर जाऊन दाराच्या काचेतून पाहिलं. पलंगाशेजारच्या स्टुलावर, मांडीवर मोसंब्यांची पिशवी घेऊन, शीतल मगदूम बसला होता.

मगदूम किराणा स्टोअर्सचा शीतलशेठ. तेरा वर्षांपूर्वी उल्हासरावांनी त्याच्या दुकानावर छापा घातला होता आणि त्याच्या वडिलांच्या काळातल्या तराजूच्या पारड्याखालून बारा ग्रॅम चिंच खरवडून काढली होती. पंचनामा झाला, खटला झाला, तराजू जप्त झाला, पेपरात तीन ओळी आल्या. त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. निदान उल्हासरावांची तशी समजूत होती.

"तर तो उंदीर, वहिनी," आतून शेठचा सपाट, सावकाश आवाज येत होता, "पोह्याच्या पोत्यात नाही गेला. साबुदाण्यात गेला. आता साबुदाण्यात उंदराला काय मिळणार सांगा?"

"काय मिळणार?"

"काही नाही. पण गेला."

"मग?"

"मग काय. राहिला तिथंच. उपास असंल."

पद्मजाबाई हसत होत्या. गेल्या चार महिन्यांत उल्हासरावांनी तो आवाज ऐकला नव्हता. त्यांनी दाराच्या मुठीवर ठेवलेला हात काढून घेतला. आत आकडा बावीस होता.

गाठ लिंबाची सुपारी झाली. चौथ्या फेरीला आठवडा उरला तेव्हा उल्हासराव मगदूम किराणा स्टोअर्सच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. बूट काढावेत की नाही ते त्यांना कळेना. छापा घालायला आलेला माणूस बूट काढत नाही, याचना करायला आलेल्याचं काय करायचं याचा नियम त्यांना माहीत नव्हता.

"या साहेब, या," शीतलशेठ गल्ल्यावरून म्हणाला. "काटा इकडं आहे. चालू वर्षाची मुद्रा आहे. तपासा की."

"तपासायला आलो नाही."

"खाली हात घालून बघा. चिंच नाही. आता आम्ही कोकम ठेवतो."

"शेठ, येत्या सोमवारी जरा दवाखान्यात याल का? तासाभरासाठी." मग त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगावं लागलं. पेशी, पंप, जनुक, चोवीस. शेठनं गुळाच्या ढेपेवरची माशी उडवत ते शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या बोलण्यानं झोप येती."

"तुमच्या वहिनींच्या जनुकाला येते."

"आमच्या मंडळींनापण येती. त्यात काय नवीन." शेठनं ढेपेवर फडकं टाकलं. "वहिनी दर मंगळवारी येतात दुकानात. माहीत आहे ना तुम्हाला?"

"कुठल्या मंगळवारी?"

"दर. तेरा वर्षं. तुम्ही नोकरीवर असताना, आणि आता वाचनालयात जाता तेव्हा. अर्धा तास बसतात, बोलतात, माल घेऊन जातात. साहेब, तुमच्या घरातला गूळ माझा, पोहे माझे, शेंगदाणे माझे. तेरा वर्षं तुम्ही माझ्याच वजनावर जगताय."

उल्हासराव कोकमाच्या बरणीकडे बघत राहिले. त्यांना राग यायला हवा होता. पण ते पहाटे पाचला उठले होते आणि रागाला लागतं तेवढं अंगात काही उरलं नव्हतं.

"याल का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"येतो की. एक अट आहे."

"चिंच आपोआप चिकटली होती असं लिहून देऊ?"

"त्याचं काय लोणचं घालू? अट अशी, मी बोलत असताना तुम्ही त्या दाराच्या काचेतून बघायचं नाही. त्या दिवशी दिसला मला तुमचा चष्मा. तुमच्या त्या छाप्यापासून कुणी टक लावून बघितलं की माझा हात थरथरतो. किलोला पंचवीस ग्रॅम माल जास्तच पडतो, कमी नाही. पण थरथरतो."

चौथी फेरी झाली, पाचवी झाली. शीतलशेठ मोसंबी घेऊन यायचा आणि बोलायचा. मेहुण्याच्या स्कूटरबद्दल, शाबूच्या पापडांच्या जाडीबद्दल, एका गिऱ्हाइकानं परत आणून दिलेल्या अर्ध्या साबणाबद्दल. त्या बोलण्याला सुरुवात नव्हती, शेवट नव्हता आणि ऐकणाऱ्याकडून काही मागणंही नव्हतं. आकडा वीस-पंचविसात लोळत राहायचा. उल्हासराव जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून बसायचे. गाठ वाटाण्याएवढी झाली, असं डॉक्टर म्हणाल्या. कुठला वाटाणा, ते उल्हासरावांनी विचारलं नाही. दमले होते.

शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी शीतलशेठचा घसा बसला. साधा नाही, पूर्ण. स्वरयंत्राला सूज, आठ दिवस एक शब्दही बोलायचा नाही, असं कानाघशाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. फेरी पुढे ढकलता येते का, असं उल्हासरावांनी विचारलं. डॉ. बेपारींनी मान हलवली. वाटाणा आता अर्धमेला होता. त्याला आठ दिवस दिले तर तो नवे पंप बसवून पुन्हा उभा राहिला असता, आणि या वेळी कदाचित लोडशेडिंगही चालली नसती.

शेठ मुका तर मुका, पण आला. गळ्याला मफलर, हातात मोसंबी, पाटी आणि खडू. सकाळी दहाला औषध कालवलं. म्हणजे चारपर्यंत वेळ होता. शेठनं पाटीवर लिहून दाखवलं. पद्मजाबाई डोळे बारीक करून ते अक्षर लावत बसल्या. आकडा एकाहत्तर. मग शेठच्या नातीनं घरी कधीतरी टिपून ठेवलेला त्याचा आवाज फोनवर लावला. तो आपला सलग बोलत होता आणि पद्मजाबाईंच्या "मग?"साठी थांबत नव्हता. आकडा अठ्ठ्याऐंशी. शेठनं पाटीवर "माफ करा वहिनी" असं लिहिलं, ते मात्र लगेच वाचता आलं, आणि तो खाली मान घालून घरी गेला.

दीड वाजला होता. एकट्या पद्मजाबाई, एकसष्ट. दोनला डॉक्टर जिन्याखाली आल्या.

"काका, तुम्हीच जा आत. एकसष्टनं होणार नाहीच. नाहीतरी वाया जाणार आहे."

उल्हासराव आत गेले आणि शेठच्या स्टुलावर बसले. पडदा त्यांच्या बरोबर समोर होता. शहात्तर.

"काय," ते म्हणाले.

"काय?" पद्मजाबाई म्हणाल्या.

"साबुदाणा... बरा आहे का सध्या?"

"असेल की."

"कितीला..." त्यांची नजर पडद्यावर गेली. "ओठ कोरडे दिसतायत तुझे. पाणी देऊ? कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय." ब्याऐंशी.

अडीच वाजले. त्यांनी मेहुण्याच्या स्कूटरची गोष्ट सांगून बघितली, पण त्यांच्या मेहुण्याकडे स्कूटर नव्हती आणि खोटं बोलायची सवय नव्हती. पंच्याऐंशी. बरोबर समोर आकडा होता, आकड्याच्या वर औषधाची पिशवी होती, आणि त्या दोहोंच्या मधे घड्याळ होतं. तेही दोन मिनिटं पुढे होतं, हे त्यांना सकाळपासून माहीत होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"पद्मा," ते अचानक म्हणाले, "मी फार दमलोय गं."

पद्मजाबाईंनी उशीवरून मान त्यांच्याकडे वळवली.

"तुला काय होतंय आणि मी हे काय बोलतोय. पण सहा महिने झाले. ते पाणी उकळायचा कंटाळा आला मला. त्या सतरा गजरांचा आला. तो थर्मामीटर दिसला की शिसारी येते. तुला 'कसं वाटतंय' विचारलं की तू 'बरं' म्हणतेस, आणि मला ठाऊक असतं की खोटं आहे. तरी दहा मिनिटांनी पुन्हा विचारतो. त्या विचारण्याचापण कंटाळा आला."

"मलाही आलाय," पद्मजाबाई म्हणाल्या. "उत्तर द्यायचा."

"मग आज काय उत्तर?"

"बरं वाटत नाही. पोटात ढवळतंय, पाय जड झालेत, आणि सकाळपासून ते मोसंबं बघून उलटी येतेय."

"असं होय," उल्हासराव म्हणाले. पुढे काही करायचं त्यांना सुचलं नाही, आणि सुचत नाही याचं काही वाटलंही नाही. ते उठले. आकड्याचा पडदा त्यांनी चाकांवर फिरवून भिंतीकडे केला. मोसंबी उचलून दाराबाहेर ठेवली. मग स्टुलाऐवजी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि पद्मजाबाईंच्या पायाशी बसले.

"मंगळवारी तू दुकानात काय बोलायचीस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही हो. सांगण्यासारखं काही नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यावर पुढचा प्रश्न विचारण्याआधीच त्यांची मान कलली.

जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. घड्याळात पाच वाजून दोन मिनिटं, म्हणजे पाच. ते दचकून उभे राहिले. पिशवी रिकामी होती. नळीतून शेवटचे थेंब उतरून गेले होते. दारात डॉ. बेपारी फोन हातात घेऊन उभ्या होत्या.

"कुणी सोडलं औषध? कधी?" उल्हासरावांनी विचारलं.

"तीन वाजता," पद्मजाबाई म्हणाल्या. "सिस्टर आली, पडदा वळवून बघितला आणि धावत गेली. तुम्ही घोरत होता. वरच्या मजल्यावरून एक जण विचारायला आला, कुठलं मशीन बिघडलंय."

"तुला झोप लागली?"

"नाही. मी बघत बसले तुमच्याकडे. सहा महिन्यांत पहिल्यांदाच बघायची पाळी माझी आली."

डॉक्टरांनी फोन पुढे केला. "काका, आकडा बघणार? तासभर किती होता ते सगळं इथं आहे."

उल्हासरावांनी हात अर्धा पुढे केला. मग तो त्यांनी पद्मजाबाईंच्या चपला शोधायला खाली नेला. "वाटाण्याचं काय ते पंधरा दिवसांनी सांगा," ते पलंगाखालून म्हणाले. "जाऊ आता आम्ही घरी. उठायचा कंटाळा यायच्या आत."

रिक्षा घराकडे वळायच्या आधी पद्मजाबाईंनी ती मगदूम किराणा स्टोअर्ससमोर थांबवायला सांगितली. मंगळवार नव्हता.

शीतलशेठ मफलर गुंडाळून गल्ल्यावर बसला होता. त्यानं भुवया उंचावून विचारलं. पद्मजाबाईंनी मान डोलावली. शेठनं दोन्ही हात जोडले, कुणाला ते कळलं नाही, बहुधा कोकमाच्या बरणीमागच्या देवाला.

"अर्धा किलो गूळ द्या, शेठ," त्या म्हणाल्या.

शेठनं ढेप ओढली, सुरी घेतली आणि थबकला. त्यानं उल्हासरावांकडे पाहिलं. सुरी किंचित थरथरत होती.

उल्हासरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि दुकानाकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे राहिले. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. एक रिक्षा, तिचा मीटर, तो जोरात पळत होता. मागे काट्यावर गूळ ठेवल्याचा आवाज झाला, मग थोडा काढल्याचा, मग पुन्हा थोडा ठेवल्याचा.

किती भरला, ते त्यांनी विचारलं नाही.